पीयूसी खिशात, पण इंजिनाचं काय? धुराचा रंग ओळखा, खर्च वाचवा

नांदे (ता. मुळशी) : सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला सूस-नांदे-चांदे रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हिंजवडीकडे जाणाऱ्या मोटारी, शाळेच्या बस, भाजी आणि दूध घेऊन निघालेले पिकअप, बांधकामाच्या साइटवर जाणारे डंपर, काँक्रीटचे मिक्सर. चढाला गाड्या रेस घेतात आणि मागे धुराचा लोट उठतो. कुणाचा काळा, कुणाचा निळसर, कुणाचा पांढरा. मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल बांधतो, शिव्या घालतो आणि पुढे जातो. धूर टाकणाऱ्या गाडीच्या मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "पीयूसी आहे की!"

सध्या सगळ्यांचं लक्ष या पीयूसीच्या कागदावरच आहे. राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये 'नो पीयूसी, नो फ्युएल' म्हणजे पीयूसी नसेल तर पंपावर इंधन नाही, अशी भूमिका जाहीर केली. तेव्हापासून गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीयूसी कुठे मिळेल, किती दिवस चालते, दंड किती, हेच प्रश्न फिरतात. ते बरोबरच आहे. पण पीयूसी हा गाडीचा आरोग्य दाखला नाही. कागद दंडापासून वाचवतो. इंजिन बसलं तर त्याचा खर्च कागद देत नाही. इंजिनाला काय झालंय हे सांगणारी पहिली खूण सायलेन्सरच्या तोंडाशी फुकटात दिसत असते. ती वाचता आली पाहिजे.

पीयूसीत नेमकं काय मोजतात?

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय ३ महिने लायसन्स अपात्र ठरू शकतं. नवीन गाडीला पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर जुन्या मानकाच्या गाडीला दर ६ महिन्यांनी, तर बीएस-४ आणि त्यापुढच्या चारचाकीला वर्षातून एकदा ती काढावी लागते.

विम्याबद्दल बऱ्याच जणांचा घोळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण करू नये, असा आदेश दिला होता. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट मागे घेतली, कारण त्यामुळे बिनविम्याच्या गाड्या वाढून अपघातग्रस्तांना भरपाई मिळणं अवघड होत होतं. म्हणजे आता विम्यासाठी पीयूसी अडत नाही, पण रस्त्यावर पीयूसी लागतेच.

आता केंद्रावर काय होतं ते समजून घ्या. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून मुख्यतः दोन वायू मोजतात : कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं हायड्रोकार्बन. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल मोटारीला गाडी नुसती सुरू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्का आहे. डिझेल गाडीला रेस देऊन धूर किती दाट आहे ते यंत्र बघतं. धुरातून उजेड किती अडतो, यावर आकडा निघतो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला ०.७ ही कमाल मर्यादा आहे.

यात तीन गोष्टी सुटतात. एक, चाचणी गरम इंजिनावर होते. त्यामुळे फक्त सकाळी थंड इंजिनावर येणारा धूर तिथे दिसतच नाही. दोन, पेट्रोल गाडी ऑइल जाळत असेल आणि निळसर धूर येत असेल, तरी दोन्ही वायूंचे आकडे मर्यादेत बसू शकतात. तीन, यंत्र 'किती' ते सांगतं, 'का' ते सांगत नाही. धूर एअर फिल्टरमुळे आहे की पिस्टनच्या रिंग गेल्यात, हे त्या कागदावर कुठेच नसतं. ते काम गाडीमालकाच्या डोळ्याचं आणि नाकाचं आहे.

काळा धूर : इंधन जास्त, हवा कमी

चुलीत ओलं लाकूड घातलं आणि फुंकायला हवा नसली की घर काळं होतं. इंजिनातही तेच होतं. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर डिझेलमागे जवळपास दहा हजार लिटर हवा इंजिनाने ओढायला हवी. ती कमी पडली किंवा डिझेल जास्त सुटलं, की अर्धवट जळालेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. हा धूर म्हणजे आपण पंपावर पैसे देऊन भरलेलं डिझेलच असतं.

काळ्या धुराचं कारण शोधताना स्वस्ताकडून महागाकडे जावं.

पहिला एअर फिल्टर. खडी आणि मातीच्या गाड्या सतत फिरतात अशा रस्त्यावर, पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी फिल्टर धुळीने भरतो. फिल्टर काढून उजेडाकडे धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. फिल्टर काढून टाकून गाडी चालवायचा उपाय मात्र करू नका. धूर कमी होईल, पण धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन बोअर खाईल.

दुसरा टर्बोचा पाइप. टर्बो असलेल्या डिझेल गाडीचा रबरी पाइप चिरला किंवा क्लिप ढिली झाली, की दाबाची हवा वाटेतच निसटते. पिकअप जातो, रेस दिल्यावर शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येतो आणि काळा धूर सुटतो. कित्येकदा इथे क्लिप आवळून काम भागतं आणि लोक मात्र टर्बोच बदलायला निघतात.

तिसरं नोझल, म्हणजे इंजेक्टर. त्यातून डिझेलचा फवारा उडायला हवा. तो खराब झाला की फवाऱ्याऐवजी थेंब गळतात. पिकावर औषध मारताना पंपाचं नोझल बिघडलं तर पानावर धार पडते, तसंच हे. धुराबरोबर इंजिनाचा ठोका बदलतो, गाडी थरथरते, अ‍ॅव्हरेज पडतं. नोझल टेस्टिंग मशिनवर तपासून घ्यावं, अंदाजाने बदलू नये.

चौथं, पंप 'वाढवलेला' असणं. जुन्या पिकअपचा आणि ट्रॅक्टरचा डिझेल पंप ताकद मिळावी म्हणून वाढवून घेणारे बरेच आहेत. ताकद थोडी वाढते, डिझेल बरंच जास्त जातं आणि इंजिन तापतं.

जुन्या ट्रॅक्टरला किंवा भरलेल्या गाडीला चढावर एकदम रेस दिली तर क्षणभर काळा भपका येणं नेहमीचं आहे. तो लगेच थांबला तर काळजी नको. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीलाही धूर येत राहिला तर गॅरेज गाठा.

पेट्रोल गाडी काळा धूर टाकत असेल तर गोष्ट जास्त गंभीर असते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकलेला असू शकतो. नव्या गाडीत सेन्सर किंवा इंजेक्टर बिघडलेला असतो. प्लग काढून पाहिला तर तो कोरड्या काजळीने माखलेला दिसतो. अशीच गाडी दामटली तर न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जास्त तापतो आणि खराब होतो. तो भाग महाग असतो.

निळा धूर : गाडी ऑइल खातेय

निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पेट्रोल असो की डिझेल, अर्थ एकच. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या मात्र याला अपवाद. आकुर्डीला बनलेली जुनी चेतक स्कूटर किंवा लुना ही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालायची. तिचा निळसर धूर हा रोग नव्हता. आजच्या फोर-स्ट्रोक दुचाकीने तसा धूर टाकला तर तो रोगच आहे.

ऑइल सिलिंडरमध्ये कुठून शिरतं, हे धूर कधी येतो त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा भपका येतो आणि मिनिटाभरात बंद होतो, तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत असं समजावं. रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. याच दुखण्याची दुसरी खूण घाटात दिसते. ताम्हिणी घाटात पेट्रोल गाडी रेस सोडून गिअरवर खाली उतरते आणि पायथ्याला रेस दिल्यावर मागे निळा लोट येतो. उतारावर इंजिन आत ओढ घेतं, त्या ओढीने ऑइल वरून शिरतं. सीलचं काम तुलनेने कमी खर्चाचं असतं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी पूर्ण इंजिन उतरवावं लागत नाही.

धूर सतत येत असेल, रेस दिली की वाढत असेल आणि चालत्या इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर भसाभस वाफ बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंग किंवा बोअर झिजलेत. इथे खर्च मोठा आहे. पण इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यायचा आग्रह धरा. कुठला सिलिंडर कमजोर आहे ते आकड्यात कळतं. नुसत्या 'इंजिन काम करावं लागेल' या शब्दावर गाडी उघडू देऊ नका.

टर्बोचा सील गेला तरी निळा धूर येतो. तेव्हा टर्बोच्या पाइपमध्ये ओलं ऑइल सापडतं. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे ऑइल जास्त भरलेलं असणं. पट्टी काढून बघितली की लगेच कळतं.

निळ्या धुराकडे 'गाडी पळतेय ना' म्हणून दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. खरा धोका पुढे असतो. ऑइल जळत जातं, पातळी खाली येते, मालक पट्टी बघत नाही आणि एक दिवस ऑइलचा दिवा लागतो. तोवर क्रँकच्या बेअरिंगला ऑइल मिळेनासं झालेलं असतं. मग हजारातलं काम लाखाकडे जातं. ज्याची गाडी निळा धूर टाकते, त्याने दर आठवड्याला, सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी बघावी. हजार किलोमीटरला किती ऑइल वर टाकावं लागलं ते वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावं. आकडा वाढत गेला की काम काढायची वेळ झाली.

पांढरा धूर : वाफ आणि धूर यात गल्लत नको

मुळशीत पांढऱ्या धुरावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात, कारण इथे पाऊस मोठा आणि थंडीत सकाळी धुकं. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. थंड सायलेन्सरमध्ये ही वाफ गार होते, पांढरी दिसते, पाण्याचे थेंबही टपकतात. गाडी पाच-दहा मिनिटं चालली की ती दिसेनाशी होते. ही वाफ म्हणजे बिघाड नाही. डिसेंबरच्या सकाळी सायलेन्सरमधून पाणी आलं म्हणून कुणी गॅस्केट बदलायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या गॅरेजवर दाखवा.

काळजीचा पांढरा धूर वेगळा असतो. तो दाट असतो, गाडी गरम झाली तरी जात नाही, हवेत रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास येतो. म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. कारण बहुतेकदा हेड गॅस्केट, कधी तडकलेलं हेड. सोबतच्या खुणा अशा :

– कूलंटच्या बाटलीतली पातळी रोज उतरते, पण खाली कुठे गळती दिसत नाही.
– इंजिन चालू असताना बाटलीत बुडबुडे येत राहतात.
– टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर जातो.
– पट्टीवरचं ऑइल चहासारखं दुधाळ दिसतं.

शेवटच्या खुणेत एक बारकावा आहे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर साध्या दमटपणामुळेही जमतो. झाकणावर आहे पण पट्टीवर नाही, तर घाबरू नका. पट्टीवरही असेल तर गाडी चालवू नका, टोचन करून न्या.

गॅस्केटच्या दुखण्यात 'घरापर्यंत तरी जाऊ' हा विचार सगळ्यात महाग पडतो. तापलेल्या इंजिनावर गाडी ओढली की हेड वाकतं. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

गावाकडे कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकायची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, गंज चढतो, रेडिएटर चोंदतो. त्यातून गाडी तापते आणि तापल्यातून गॅस्केट जातं. अडीअडचणीला पाणी ठीक, पण नंतर ते काढून कूलंट भरावं.

डिझेल गाडीला थंड सुरुवातीला डोळ्याला झोंबणारा, उग्र वासाचा पांढरा धूर आला तर तो न जळालेल्या डिझेलचा असतो. ग्लो प्लग गेलेला, टायमिंग चुकलेलं, नोझल खराब किंवा कॉम्प्रेशन कमी, यापैकी काहीतरी असतं. डिझेलमध्ये पाणी असेल तरी असंच होतं. त्यासाठी डिझेल फिल्टरखालचं पाणी वेळेवर सोडावं.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. ओढ्याच्या किंवा साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, मेकॅनिकला बोलवा.

बीएस-६ डिझेल : धूर नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू झालं. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. नोझल खराब असलं तरी काळा धूर जाळीत अडतो, बाहेर दिसत नाही. म्हणजे जुन्या गाडीत डोळ्यांना दिसायची ती खूण इथे डॅशबोर्डवरच्या दिव्यात गेली आहे.

ही जाळी भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळते. त्यासाठी जाळी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगाने पळावी लागते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास सरकणाऱ्या किंवा गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाडीला ही संधी मिळत नाही. दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, शेवटी गाडी ताकद सोडते. काम वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते, ऑइल पातळ होतं. म्हणून या गाड्यांत पातळी कमी झाली तरी धोका आणि वाढली तरी धोका. दिवा लागला की मॅन्युअल बघून गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवून आणावी. ज्याचं फिरणं गावापुरतंच आहे, त्याने डिझेल मोटार घ्यावी का, याचाच आधी विचार करावा.

काही ठिकाणी ही जाळी कापून काढून देतात. तो बेकायदा बदल आहे, आणि ०.७ ची मर्यादा असलेल्या चाचणीत अशी गाडी सापडू शकते. वापरलेली बीएस-६ डिझेल घेताना सायलेन्सरच्या तोंडात पांढरा कागद फिरवा. जाळी शाबूत असेल तर कागदाला फारसं काळं लागत नाही. काळाकुट्ट झाला तर जाळी फुटलेली किंवा काढलेली आहे.

ट्रक, बस आणि काही मोठ्या डिझेल गाड्यांत डीईएफ भरावं लागतं. हे युरिया आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण असतं, त्यात युरिया ३२.५ टक्के. 'युरियाच आहे ना, मग गोणीतला टाकू' अशी युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. शेतीचा युरिया २०१५ पासून सरसकट निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. तो डीईएफच्या टाकीत गेला की फवारणी चोंदते आणि आतला महागडा भाग खराब होतो. शिवाय ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती सरकारच्या अनुदानामुळे. तो युरिया गाडीत घालणं खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा ठरतो. ऐन भातलागणीनंतर दुकानात युरिया नसतो तेव्हा शेतकऱ्यालाच रांगेत उभं राहावं लागतं, हेही लक्षात ठेवावं.

जुनी गाडी घेताना

तालुक्यात जुन्या पिकअप आणि मोटारींचे व्यवहार ओळखीवर, चहा घेता घेता होतात. धूर बघायचं राहून जातं. पुढच्या चार गोष्टींना अर्धा तास लागतो.

१. गाडी थंड असतानाच बघा. बॉनेटवर हात ठेवा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.
२. पहिल्यांदा सुरू करताना एक जण मागे उभा राहू द्या. मोबाइलवर व्हिडिओ काढा. निळा भपका तिथेच दिसतो.
३. पाच मिनिटं गाडी नुसती सुरू ठेवा, मग रेस द्या. साचलेलं ऑइल असेल तर लोट येईल.
४. चढावर चालवून आरशात बघा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. कोरडं, करडं ठीक. ओलसर, तेलकट काळं असेल तर किंमत पाडा किंवा सोडून द्या.

घट्ट ऑइल किंवा औषध टाकून निळा धूर काही दिवस दाबता येतो. म्हणून शेवटचं ऑइल कधी बदललं, कुठलं टाकलं, बिल आहे का, हे विचारा.

धूर फक्त गाडीवाल्याचा राहत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. ही काजळी इतकी बारीक असते की नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसात उतरते. रस्त्याकडेची घरं, शाळेची बस पकडायला उभी राहणारी पोरं आणि दिवसभर रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाया हा धूर खातात. दिसत नाही तो कार्बन मोनॉक्साइड तर त्याहून घातक. त्याला रंग नाही, वास नाही. बंद शेडमध्ये शटर ओढून गाडी सुरू ठेवणं जिवावर बेततं. जनरेटरचंही तेच.

कागदाच्या पुढे काय व्हायला हवं?

सूस, म्हाळुंगे आणि बावधन २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. नांदे, चांदे ग्रामपंचायतीत राहिले. पण बांधकाम आणि वाहतूक सीमा बघून थांबत नाही. शहराची वाळू, खडी आणि काँक्रीट याच रस्त्याने जातं, त्याचा धूर गावाला मिळतो.

नियमांत हत्यार आहे. वैध पीयूसी असली तरी गाडी डोळ्यांदेखत धूर टाकत असेल, तर अधिकारी तिला पुन्हा चाचणीला पाठवू शकतात. आरटीओच्या वायुवेग पथकाने ही तपासणी दुचाकीवाल्यांच्या कागदांपुरती न ठेवता सकाळच्या वेळी डंपर आणि मिक्सरवर केली, तर फरक लगेच दिसेल. जून २०२१ पासून पीयूसीचा नमुना देशभर एकसारखा झाला आहे. गाडी नापास झाली तर कारणासह नकाराची चिठ्ठी देण्याचीही तरतूद आहे. नापास गाडीला ओळखीने पास करून घेण्यापेक्षा ती चिठ्ठी मागून घ्या आणि गॅरेजवर दाखवा. आकडा किती आला, हे मेकॅनिकला कामाचं असतं.

केंद्रावर रेस नीट न देता, नळी अर्धवट घालून मिळवलेली पीयूसी आज शे-दीडशे रुपयांत दंड टाळते. पण त्यात फसवणूक सरकारची कमी आणि स्वतःची जास्त होते. नोझल गळतंय हे तिथे कळलं असतं, ते सहा महिन्यांनी भर पावसात, गाडीत माल असताना कळतं. ज्याचं घर एका पिकअपच्या भाड्यावर चालतं, त्याला गाडी पंधरा दिवस गॅरेजला लागली तर हप्ता चुकतो, भाजीचं गिऱ्हाईक तुटतं.

ग्रामपंचायतींनाही करता येण्यासारखं आहे. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर एकेक दिवस फिरतं पीयूसी केंद्र आणि दोन जाणकार मेकॅनिक बोलावून गावातल्या गाड्या, पिकअप बघून घेता येतील. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही देशातली मोठी संस्था १९६६ पासून पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. एवढं ज्ञान जवळ असताना तालुक्यातल्या गॅरेजवाल्या पोरांना बीएस-६ गाड्यांचं प्रशिक्षण मिळावं, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे करायला हरकत नाही.

तोवर प्रत्येकाला जमेल असं एक काम आहे. आठवड्यातून एकदा सकाळी गाडी सुरू करताना घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा आणि तीन गोष्टी विचारा : रंग कुठला, वास कसला, किती वेळ आला. काळा असेल तर आधी एअर फिल्टर. निळा असेल तर ऑइलची पट्टी. पांढरा आणि न जाणारा असेल तर कूलंटची बाटली, आणि गाडी जागेवरच उभी. मेकॅनिककडे गेल्यावर 'गाडी धूर मारते' एवढंच न सांगता या तीन गोष्टी सांगितल्या, तर निम्मं निदान तिथेच होतं आणि नको ते पार्ट बदलायचे पैसे वाचतात.